मुलांच्या दातांचे उपचार आणि इंजेक्शनचा धसका: नेमकं काय करावं, काय टाळावं

दंतकळी

बालदंतचिकित्सा हा माझा कामाचा विषय. दाताच्या इंजेक्शनला मूल घाबरतं, काय करायचं, हा प्रश्न पालक इतक्यांदा विचारतात की एका जागी सविस्तर लिहिलेलं बरं, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

आधी एक गोष्ट सुटी करून बघू. दात बधिर करायच्या इंजेक्शनचं दुखणं एकसंध नसतं, त्याचे तीन तुकडे असतात. सुईचं टोक हिरडीत शिरतं तेव्हाची टोच हा पहिला. औषध आत जाताना आजूबाजूचा भाग ताणला जातो, तो ताण हा दुसरा. आणि औषध आम्लधर्मी असल्यामुळे होणारी जळजळ हा तिसरा. टोचण्याआधी हिरडीवर लावायचं बधिर करणारं जेल फक्त पहिल्या तुकड्यावर चालतं. दुसऱ्यावर उपाय एकच, औषध हळू सोडणं. तिसऱ्यावर औषधाचं तापमान आणि त्याची आम्लता. "जेल लावूनही रडला, म्हणजे जेलचा उपयोग नाही" असं जे म्हटलं जातं, तिथे बहुतेकदा जेलने आपलं काम केलेलं असतं आणि औषध भसकन ढकललेलं असतं.

जेलही बरेचदा चुकीचं लावलं जातं. लाळेवर लावलेलं जेल वाहून जातं, जिभेवर पसरतं, घसा बधिर होतो, मुलाला गिळता येत नाही असं वाटतं आणि ते आणखी बिथरतं. म्हणून:

- आधी गॉजने ती जागा नीट पुसून कोरडी करायची.
- कापसाच्या काडीच्या टोकावर वाटाण्याहून लहान थेंब पुरतो. जास्त लावल्याने परिणाम वाढत नाही.
- ओठ किंवा गाल बाजूला धरून काडी तिथेच ठेवायची, किमान १ मिनिट, शक्यतो २ मिनिटं. घड्याळ लावून. अंदाजाची दोन मिनिटं प्रत्यक्षात वीस सेकंदांची निघतात.
- नंतर उरलेलं जेल पुसून घ्यायचं.

जेलचा परिणाम २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंतच पोचतो. वरच्या जबड्यात गालाकडच्या बाजूला तेवढं छान पुरतं. टाळूवर मात्र जवळजवळ नाहीच, तिथली त्वचा जाड आणि हाडाला घट्ट चिकटलेली असते. टाळूबद्दल पुढे वेगळं लिहिते.

कडुनिंब

उत्तम धागा. जेलबद्दल एक सावधगिरी जोडतो. २० टक्के बेंझोकेनचं (हे बधिर करणारं औषध) जेल सर्रास मिळतं. बेंझोकेनमुळे क्वचित मेथहिमोग्लोबिनेमिया होऊ शकतो, म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, ओठ-नखं निळसर-करडी दिसू लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालच्या बाळांसाठी ते वापरू नये असा स्पष्ट इशारा दिला. दात येताना हिरडीला चोळायला म्हणून हे जेल घरात आणून ठेवू नका. दवाखान्यात एका ठिकाणी, मोजून, देखरेखीखाली लावणं वेगळं.

१० टक्के लिग्नोकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा तर मुलांच्या तोंडात नकोच. एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम औषध जातं, ते घशात उडतं आणि वर कडू लागतं. मारायचाच असेल तर कापसाच्या काडीवर मारून मग लावावा, आणि तेवढे मिलिग्रॅम एकूण मात्रेत धरावेत. हे धरायचं बरेच जण विसरतात.

सायली_वेल

पालक म्हणून विचारते. घरून निघताना मुलाला काय सांगायचं? सांगितलं तर रात्रभर झोपत नाहीत, नाही सांगितलं तर फसवल्यासारखं होतं.

मनतळ

सायलीताई, मुलांच्या मानसशास्त्रात काम करतो, त्या बाजूने उत्तर देतो.

कधी सांगायचं ते वयावर. तीन-चार वर्षांच्या मुलाला "उद्या" म्हणजे काय हेच नीट कळत नाही, त्याला त्याच दिवशी, निघायच्या थोडं आधी सांगावं. सहाच्या पुढच्यांना एक-दोन दिवस आधी. त्यांना प्रश्न विचारायला वेळ लागतो, आणि पहिला प्रश्न साधारण झोपताना दिवा मालवल्यावर येतो. तेव्हा "झोप आता, उद्या बघू" म्हणू नका, तोच खरा प्रश्न असतो.

काय सांगायचं: "तुझ्या दाढेला कीड लागली आहे. डॉक्टर ती साफ करणार. साफ करताना दाढेला कळू नये म्हणून ते आधी दाढेला झोपवतात. दाढ झोपेल, तू जागाच असशील." शेवटचं वाक्य गाळू नका. लहान मुलांना "झोपवणार" म्हणजे आपल्यालाच झोपवणार असं वाटतं आणि त्याची वेगळी भीती बसते.

तपशिलात शिरू नका. सुई किती लांब, कुठे टोचणार, हे डॉक्टर त्यांच्या पद्धतीने सांगतील. तुम्ही एक सांगितलं आणि तिथे दुसरंच झालं तर मूल दोघांवरचाही विश्वास काढून घेतं.

आता न बोलण्याच्या गोष्टी. यात पालकांचा हेतू नेहमी चांगला असतो, म्हणून जास्त वाईट वाटतं.

"अजिबात दुखणार नाही." हे तुम्हाला माहीत नाही, आणि मुलाच्या कानात "दुखणार" एवढंच उरतं.

"घाबरू नकोस, घाबरू नकोस." धीर देण्यासाठी हे पुन्हा पुन्हा म्हटलं जातं, पण मुलाला उलटा संदेश जातो: आईच इतकी काळजीत आहे, म्हणजे नक्की काहीतरी भयंकर आहे. वेदनेच्या प्रसंगी मोठ्यांनी सतत धीर देणं, माफी मागणं याने मुलांचा त्रास वाढतो आणि लक्ष दुसरीकडे नेण्याने तो कमी होतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

"मोठा ना तू? मोठी मुलं रडत नाहीत." रडायला परवानगी असलेलं मूल लवकर शांत होतं. फक्त "रडलास तरी चालेल, हलायचं मात्र नाही" हे स्पष्ट सांगावं.

आणि एरवी घरात कधीही, कुठल्याही कारणाने, "ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील" हे वाक्य नको. डॉक्टरचा बागुलबुवा आपणच उभा करतो आणि मग त्याच बागुलबुवासमोर मुलाला तोंड उघडून झोपायला सांगतो.

गवतफुला

+१. त्या शेवटच्या परिच्छेदासाठी तर +१००.

खडीसाखर

थोडा मतभेद नोंदवतो. "झोपेचं पाणी", "दाढेला झोपवणं" ही गोड भाषा म्हणजे फसवणूकच नाही का? आठ वर्षांच्या मुलाला कळतं की ती सुई आहे. नंतर त्याला वाटणार, सगळ्यांनी मिळून बनवलं. सिरिंज लपवून पाठीमागून आणतात, तेही मला पटत नाही.

दंतकळी

खडीसाखर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि या क्षेत्रातही यावर एकमत नाही. मी ज्या पद्धतीच्या बाजूने आहे ती सांगते.

सौम्य शब्द वापरणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. चार वर्षांच्या मुलाला "सुई" म्हटलं की पुढचं काहीही ऐकू येत नाही, म्हणून त्याला जाणवेल त्या भाषेत सांगायचं: "आता चिमटा काढल्यासारखं वाटेल, मग जागा जड होईल." पण त्याने थेट विचारलं, "सुई आहे का?", तर उत्तर एकच, "हो. बारीक आहे. जागा आधी झोपवली आहे म्हणून थोडंसंच कळेल. मी दहापर्यंत मोजणार, दहाला संपलं." थेट विचारलेल्या प्रश्नाला "नाही" म्हणणं ही माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात महाग चूक आहे. त्या दिवशीचं काम कदाचित होऊन जाईल, पण पुढची दहा वर्षं त्या मुलाच्या दातांना भोगावी लागतात.

'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत १९५९ पासून लिखित स्वरूपात आहे आणि आजही पाया तीच आहे. आरसा, हवेचा फवारा, पाण्याची नळी, लाळ ओढणारी नळी हे सगळं आधी सांगायचं, बोटावर दाखवायचं, मग तोंडात करायचं. सुईच्या बाबतीत "दाखवा" हा टप्पा मी मुलावर सोडते. आठ-नऊच्या पुढच्या काही मुलांना बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांना टोपण लावलेली सिरिंज दाखवली की उलट ती सैलावतात. काहींना बघायचंच नसतं. "बघायचं आहे की नाही?" एवढं विचारलं तरी निर्णय त्याच्या हातात जातो.

बाकी, सिरिंज नजरेच्या खालून, हनुवटीच्या बाजूने देणं यात लपवाछपवी नाही. उघडी सुई डोळ्यांसमोरून नेली तर कुठलंही मूल हात वर करतं, आणि हात सुईला लागला तर इजा होते. ही सुरक्षेची बाब आहे.

खडीसाखर

पटलं. थेट प्रश्नाला थेट उत्तर, एवढं पाळलं तर माझा आक्षेप राहत नाही.

उंबरठा

दंतसहायकाच्या जागेवरून सांगते, कारण इंजेक्शनच्या त्या दीड-दोन मिनिटांत चार हातांचा मेळ बसला नाही तर बाकी तयारी वाया जाते.

मूल खुर्चीत येण्याआधी सगळं भरून तयार हवं. मुलासमोर सुई बसवणं, कार्ट्रिज (औषधाची भरलेली नळी) घालणं, टकटक आवाज करणं नको. कार्ट्रिज थंड नको, कमीत कमी खोलीच्या तापमानाला आलेलं हवं, शरीराच्या तापमानाजवळ नेलं तर जास्त चांगलं. गरम पाण्यात टाकू नये, त्यात बधिरपणा टिकावा म्हणून घातलेलं ॲड्रेनॅलिन उष्णतेने बिघडतं.

खुर्ची आडवी. मूल मान वळवून बघणार नाही असं डोकं डॉक्टरांच्या हाताच्या कुशीत. सहायकाचा एक हात मुलाच्या हातांवर *अलगद*, दाबून नाही. दाबलं की मूल ओढायला लागतं. अलगद ठेवला तर हात उचलला जाण्याच्या क्षणी कळतं आणि तेव्हाच अडवता येतं.

मुलाला काम द्या. पायांचं काम सर्वात चांगलं: "डावा पाय वर... आता खाली... उजवा वर..." डोकं स्थिर राहतं, लक्ष पायांत जातं. गोष्ट सांगायची तर मध्येच त्याला उत्तर लागेल असे प्रश्न नकोत, तोंड उघडं असतं. बोटांनी उत्तर देता येईल असे विचारा: "हत्तीला पाय किती? बोटं दाखव."

थांबायची खूण आधी ठरवा. डावा हात वर केला की थांबायचं. आणि सुईच्या आधीच, साध्या आरशाच्या वेळी, एकदा मुद्दाम सराव घ्या: "हात वर कर बघू, थांबते का मी?" थांबलं की त्याला खात्री पटते. खूण ठरवून पाळली नाही तर न ठरवलेली बरी.

सायली_वेल

आई-बाबांनी आत थांबायचं की बाहेर?

मनतळ

चारच्या खालच्या मुलाला पालकाशिवाय ठेवू नये, ते वयाला धरूनच आहे. मोठ्या मुलांत पालक किती शांत राहू शकतात यावर ठरवावं. आत असाल तर पायाजवळ बसा, पायावर हात ठेवा, आणि बोलणारा आवाज एकच असू द्या, डॉक्टरांचा. दोन बाजूंनी दोघं सूचना देऊ लागले की मूल कोणाचंच ऐकत नाही. सुई शिरताना "झालं झालं झालं" म्हणू नका. झालेलं नसतं.

स्वतःला इंजेक्शन बघवत नसेल तर ते प्रामाणिकपणे आधी सांगा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला आत पाठवा. मूल तुमचा चेहरा वाचतं.

दंतकळी

आता टोचण्याच्या प्रत्यक्ष तंत्राबद्दल. पालकांनाही हे वाचून ठेवता येईल, डॉक्टर काय करताहेत आणि का, ते कळतं.

सुई: मुलांत ३० गेजची आखूड सुई पुरते (गेजचा आकडा मोठा तेवढी सुई बारीक), खालच्या जबड्याच्या ब्लॉकसाठी, म्हणजे शिरेपाशी औषध सोडून ती पूर्ण बाजू बधिर करायच्या इंजेक्शनसाठी, बरेच जण २७ गेज घेतात. बारीक सुई म्हणजे आपोआप कमी दुखणं असं नाही. ती कशी शिरते हे जास्त मोलाचं.

ओठ किंवा गाल ताणून धरायचा. ताणलेल्या त्वचेत टोक सहज शिरतं, सैल त्वचा टोकासोबत ओढली जाते आणि तेच जास्त दुखतं. ताणतानाच गाल हलका हलवत राहायचं, त्या हालचालीतच टोक आत. यामागचं तत्त्व मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांताशी जोडतात: स्पर्श आणि कंपनाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात. कंपन देणारी उपकरणं याच आधारावर बनली आहेत. ती चांगली आहेत, पण काही मुलांना त्यांची गुणगुण आवडत नाही, तेव्हा बोटांनी गाल हलवणं कुठेच जात नाही.

टोक आत गेलं की दोन-तीन थेंब सोडून थांबायचं, पाच-सहा सेकंद. मग थोडं पुढे, पुन्हा थेंब. बधिर झालेल्या भागातूनच सुई पुढे सरकते. मुख्य मात्रा सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायचं. मग १ मिलिलिटरला निदान १ मिनिट या वेगाने औषध. हा वेग पाळणं कंटाळवाणं वाटतं. पण सगळ्या युक्त्यांमध्ये एकच निवडायची असेल तर मी हीच निवडेन. कॉम्प्युटरने वेग नियंत्रित करणारी यंत्रं नेमकं हेच करतात, थेंबाथेंबाने, न थकता.

टाळू: थेट टोचू नये. आधी गालाच्या बाजूने इंजेक्शन, मग दोन-तीन मिनिटं थांबून दोन दातांमधल्या हिरडीच्या बधिर त्रिकोणातून सुई आडवी आत न्यायची आणि हळूहळू औषध सोडत टाळूची बाजू पांढरी पडेपर्यंत थांबायचं. त्यानंतर टाळूवरचं टोचणं बहुधा जाणवत नाही. तरीही लागलंच तर आरशाच्या दांड्याने ती जागा अर्धा-एक मिनिट दाबून धरायची आणि दाब न सोडता शेजारी अगदी थोडं, ०.२ मिलिलिटरच्या आसपास.

मग थांबायचं. वरच्या जबड्यात ३ मिनिटं, खालच्या ब्लॉकला ५ किंवा जास्त. मुलाच्या हातात आरसा द्या. ओठ सुजल्यासारखा वाटतो म्हणून मुलं घाबरतात, आरशात तो तेवढाच दिसला की शांत होतात.

तपासताना "दुखतं का?" विचारू नका. लहान मुलाला दाब आणि दुखणं यातला फरक सांगता येत नाही, ते "हो" म्हणतं. "या बाजूचं आणि त्या बाजूचं वेगळं लागतं का?" असं विचारा. आणि काम सुरू झाल्यावर मूल दुखतंय म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवून थांबा. "भूल दिली आहे, दुखूच शकत नाही" हे विधान चुकीचं आहे. पू झालेल्या दातापाशी ऊती आम्लधर्मी झालेल्या असतात, तिथे औषध नीट लागू पडत नाही. लहान मुलांत खालच्या जबड्यातलं शिरेचं छिद्र मोठ्यांपेक्षा खालच्या पातळीवर असतं, मोठ्यांच्या सवयीने दिलेला ब्लॉक चुकतो. मात्रेची मर्यादा बघून पुन्हा द्यावं किंवा दुसऱ्या दिवशीवर टाकावं.

कडुनिंब

मर्यादा आली म्हणून आकडे देतो. भूलशास्त्र माझं क्षेत्र.

२ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. १.८ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम. मुलांच्या दंतोपचारात कमाल मात्रा दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, दोन कार्ट्रिजसुद्धा पूर्ण नाहीत. म्हणून "एकाच दिवशी चारही बाजूंच्या दाढा उरका" हा आग्रह पालकांनी धरू नये. मुलाचं आजचं वजन डॉक्टरांना सांगा, गेल्या वर्षीचं नाही. ४ टक्के आर्टिकेन हे बधिर करणारं आणखी एक औषध चांगलं पसरतं, पण चार वर्षांखालच्या मुलांसाठी त्याची शिफारस नाही, आणि त्यात मिलिलिटरमागे औषध दुप्पट असतं.

जळजळीबद्दल: ॲड्रेनॅलिन टिकावं म्हणून ते औषध बरंच आम्लधर्मी ठेवलेलं असतं. ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट साधारण ९ भाग औषधाला १ भाग मिसळलं की आम्लता उतरते, जळजळ कमी होते, परिणामही लवकर येतो. मिसळल्यावर लगेच वापरावं, साठवू नये. जास्त बायकार्बोनेट घातलं तर औषध गढूळ होऊन खाली बसतं, असं दिसलं तर फेकून द्यावं.

पाऊलवाट

हसवणारा वायू म्हणतात त्याचा उपयोग किती? आणि पातळ औषध पाजून गुंगी आणतात, ते सुरक्षित आहे का?

कडुनिंब

पाऊलवाट, दोन्ही वेगळ्या पातळीवरच्या गोष्टी आहेत.

हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, प्राणवायूत मिसळून नाकावरच्या मास्कने देतात, सहसा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत. मूल जागं असतं, बोलतं, सूचना ऐकतं, पण सैलावतं. सुरुवात निव्वळ प्राणवायूने, शेवटही निव्वळ प्राणवायूने, निदान ५ मिनिटं. त्याने दात बधिर होत नाही, इंजेक्शन लागतंच, पण ते मूल सहन करतं. ज्याचं नाक चोंदलं आहे किंवा जे आधीच आकांत करून तोंडाने श्वास घेतं आहे, त्याला तो मिळतच नाही. सर्दी असेल तर भेट पुढे ढकला. कानाचं दुखणं चालू असेल, बी-१२ची कमतरता असेल, मेथोट्रेक्सेटसारखं औषध चालू असेल तर आधी सांगा. मास्क घरी नाकावर हात धरून खेळत खेळत सवयीचा करता येतो: नाकाने श्वास, तोंड उघडं.

पाजायची गुंगी, बहुतेकदा मिडाझोलाम, ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही. कोणाकडे घेताय त्यांना हे विचारा: ऑक्सिमीटर सतत लावणार का? श्वास मंदावला तर सांभाळण्याचं प्रशिक्षण आणि साधनं कोणाकडे आहेत? दाताचं काम करणारी व्यक्ती आणि मुलावर लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगळ्या आहेत ना? उपाशी ठेवण्याचे तास काटेकोर पाळा, साधारणपणे हलक्या खाण्यानंतर ६ तास, जड-तळलेल्या खाण्यानंतर ८, आईच्या दुधानंतर ४, साध्या पाण्यानंतर २. "थोडंसंच दिलं होतं" हे लपवू नका. उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

रानजाई

बारा-तेराच्या मुलींना इंजेक्शन बघून चक्कर येते, घाम फुटतो. त्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं ना?

मनतळ

रानजाई, मुली असोत वा मुलं, इथेच गडबड होते. भीती आणि चक्कर हे दोन वेगळे प्रकार आहेत. साध्या भीतीत नाडी वाढते, तिथे सावकाश श्वास, अंग सैल सोडणं उपयोगी. सुई-रक्त बघून भोवळ येणाऱ्यांत रक्तदाब एकदम खाली येतो, त्यांना "सैल सोड" म्हटलं तर आणखी खाली जातो.

त्यांच्यासाठी स्नायू आवळण्याची पद्धत आहे, १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये ती नीट बसवली गेली. मांड्या, पोटऱ्या, पोट, मुठी आवळायच्या, १० ते १५ सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीत, पूर्ण ढिलं नाही. पाच वेळा. घरी आठवडाभर रोज सराव करून यायचं. खुर्चीत जबडा आणि मान मोकळी ठेवून फक्त पाय आणि पोट आवळायचं. शिवाय खुर्ची आडवी आणि पाय किंचित वर, निम्मी सोय त्यातच होते. ही मुलं "नाटक करतात" असं कोणी म्हणत असेल तर कृपया थांबवा, हे शरीराचं आहे, मर्जीचं नाही.

पाऊलवाट

सुई टाळताच येणार नाही का काही बाबतीत?

दंतकळी

येते, आणि हे आधी विचारायला हवं. कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचलेली नसेल, रात्री आपोआप ठणकत नसेल, सूज-पू नसेल, तर दुधाच्या दातांत तीन मार्ग आहेत.

३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड: हे पातळ औषध दात कोरडा करून मिनिटभर लावायचं. कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा होतो. हे पालकांना आधी दाखवून संमती घ्यावी. त्वचेला लागलं तर डाग काही दिवस राहतो. वर्षातून दोनदा लावणं जास्त परिणामकारक.

हॉल पद्धत: किडलेली दाढ न कोरता, भूल न देता, वर स्टीलची तयार टोपी चिकटवायची. जागा करायला आधी दोन दातांमध्ये छोट्या रबरी रिंगा ३ ते ५ दिवस. टोपी बसल्यावर चावा उंच लागतो, काही आठवड्यांत बसतो. ही सूचना आधी न दिल्यास पालक घाबरून काढायला घेऊन येतात.

आणि हाताच्या हत्याराने मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरणं.

पण दुखणं सुरू होईपर्यंत थांबलेल्यांना हे मार्ग उरत नाहीत. ठणका लागला की सुई आलीच, आणि तेव्हा ती लागूही कमी पडते. पहिली भेट दात दुखत नसताना, पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ठेवा. त्यात फक्त दात मोजायचे.

खडीसाखर

एक टोकाचा प्रश्न. चार जणांनी धरून पाच मिनिटांत उरकलं तर? मूल विसरून जाईल म्हणतात.

दंतकळी

विसरत नाही. शब्दांत सांगता येत नसेल, पण पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच ते अंग ताठ करतं. तोंडावर सूज आहे, ताप आहे, गिळता येत नाही, अशा वेळी धरूनही करावं लागतं, किंवा पूर्ण भूल देऊन, पण तेव्हा जीव आणि आरोग्य पणाला लागलेलं असतं. साध्या भरण्यासाठी धरून ठेवणं मला मान्य नाही. एक भेट जास्त लागली तर लागू दे. आज फक्त जेल लावून पाहू, पुढच्या वेळी टोच, असं दोन भेटींत विभागता येतं.

दोनच्या खालच्या बाळाची तपासणी वेगळी: पालक आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचे पाय पालकाच्या कमरेभोवती, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, हात पालकाच्या हातांत. बाळाला पालकाचा चेहरा दिसत राहतो. ते रडेल, पण एकटं पडणार नाही.

उंबरठा

घरी गेल्यावरचं राहिलं.

ओठ आणि गाल २ ते ४ तास बधिर राहतात, खालच्या ब्लॉकनंतर जास्त. मुलं त्या ओठाला चावतात, चोखतात, ओरबाडतात, कारण काही कळत नाही आणि गंमत वाटते. बधिरपणा जाईपर्यंत चावून खायचं किंवा गरम असं काही द्यायचं नाही. लहान मुलाच्या दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवून पाठवतात तो लगेच काढू नका, फक्त झोपवू नका त्या स्थितीत, आणि कोणीतरी सतत समोर असू द्या.

चावला गेलाच तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो आणि आत पांढरट-पिवळा थर दिसतो. पालक त्याला पू समजून अँटिबायोटिक मागतात. तो जखम भरतानाचा थर असतो, खरवडू नका. थंड पाण्याची पट्टी, ओठाला व्हॅसलीन, दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. आठवडा-दोन आठवड्यांत भरतो. ताप आला, सूज गालाकडे पसरत गेली, तोंड उघडेना, तर मात्र लगेच दाखवा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

सायली_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारते: घरी आल्यावर त्याबद्दल बोलायचं की विषयच काढायचा नाही?

मनतळ

बोला, त्याच दिवशी. पण "खूप दुखलं का रे?" हा पहिला प्रश्न नको, आठवण त्याच प्रश्नाभोवती घट्ट होते. आधी त्याने काय केलं ते नेमकं सांगा: "डॉक्टर मोजत होत्या तेव्हा तू पाय वर-खाली करत राहिलास, डोकं नाही हलवलंस." नुसतं "शहाणा माझा" पुरत नाही, कारण पुढच्या वेळी काय पुन्हा करायचं ते त्यातून कळत नाही. दुखलं म्हणाला तर "हो, टोचलं तेव्हा दुखलं. किती मोजेपर्यंत?" असं विचारा. बहुतेक मुलं दोन किंवा तीन म्हणतात. आजी-आजोबांना, ताई-दादाला तो स्वतः सांगत असेल तर त्याला सांगू द्या, मध्ये पडून "रडला होता बरं का" असं सांगू नका. पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी त्यानेच सांगितलेलं तेच वाक्य त्याला आठवून द्या.